कुंडीत वाळा साप निघाला. तो खातो काय, आणि त्याच्या पोटातले जंत माणसाला होतात का?

अगाशीतली_बाग

नमस्कार. आमचं घर बडोद्यात, दांडिया बाजाराच्या मागच्या गल्लीत. जुनं तीनमजली घर, वर अगाशी आणि अगाशीत माझ्या ४१ कुंड्या. मोगरा, जाई, तुळस, कढीपत्ता, दोन लिंबं, बाकी ऋतूप्रमाणे.

गेल्या गुरुवारी मोगऱ्याची कुंडी पालटली. मुळांचा गड्डा हातात घेतला तर त्यातून वीतभराचं काळंभोर काहीतरी सुळकन बाहेर आलं. गांडूळ म्हणावं तर अंगाला चिकटपणा नाही, वळे नाहीत. तोंड कुठलं न शेपूट कुठलं तेही कळेना. मग एका टोकातून केसासारखी जीभ लवलवली आणि मी गड्डा तसाच परातीत ठेवला. माझी आई याला वाळा म्हणायची. उन्हाळ्यात आम्ही जमिनीवर झोपायचो तेव्हा ती आमच्या कानात कापूस घालायची, वाळा कानात शिरतो म्हणून.

आता खरी अडचण सांगते. माझी नात ९ वर्षांची आहे. महिनाभर तिला रात्री खाज, धड झोप नाही. डॉक्टरांनी जंत सांगितले, गोळी दिली. आणि त्याच आठवड्यात हा वाळा निघाला. सूनबाई घाबरली आहे आणि तिचं घाबरणं मला समजतं, कारण पोर शाळेतून आली की माझ्याबरोबर मातीतच असते. सुनेचं म्हणणं असं की हा साप मातीत राहतो, मातीतलं काहीबाही खातो, त्याचे जंत मातीत पडतात आणि तिथून ते पोरीच्या पोटात गेले. सगळ्या कुंड्यांत फोरेट या कीटकनाशकाचे दाणे टाका, नाहीतर उकळतं पाणी ओता. रविवारी माळी येणार आहे.

त्याआधी मला नीट कळायला हवं. उगाच धीर देऊ नका, खरं असेल तेच सांगा. माझा जीव या कुंड्यांत आहे, पण नातीपुढे कुंड्या काहीच नाहीत.

वाघोडिया_रोपं

काकू, घाबरू नका, विषारी नाही. आमच्या रोपवाटिकेत पावसाळ्यात रोज दोन-चार निघतात. मातीबरोबर, रोपाच्या गड्ड्याबरोबर सगळीकडे जातात. शेपटीला बारीक काटा असतो, तो बोटाला टोचल्यासारखा वाटतो, पण त्यात काही नाही. मात्र गांडुळं खातो, म्हणून खताच्या खड्ड्यात दिसला की आम्ही उचलून बांधावर टाकतो. तुम्हीही तेच करा.

काचपट्टी

ताई, रविवारच्या आधी तुमच्यापर्यंत पोचावं म्हणून रात्रीच लिहायला बसलो आहे. पहिलं सांगतो, फोरेट टाकू नका. सरकारने २०२० च्या अखेरीपासून ते बंद केलं आहे, तरी जुने दाणे कुठेकुठे मिळतात. तुळस आणि कढीपत्ता तुम्ही खाता. त्या अगाशीत पोरीच्या जिवाला खरा धोका कशाचा असेल तर त्या दाण्यांचा.

मी बडोद्यातल्याच एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३३ वर्षं नोकरी केली. १९७९ साली लागलो तेव्हा काम फक्त बाटल्या धुण्याचं होतं. पुढे आमच्या सरांनी मला सूक्ष्मदर्शकाखाली बघायच्या काचपट्ट्या करायला शिकवलं. सरांचा विषय सापा-सरड्यांच्या पोटातले जंत. जिवंत साप त्यांनी कधी मारू दिला नाही. पादऱ्याच्या, डभोईच्या रस्त्यावर गाडीखाली आलेले, विहिरीत पडून मेलेले असे यायचे. मेणाच्या ट्रेमध्ये साप उताणा टाचायचा, पोटाची मधली रेघ कापायची, आणि सरांची शिस्त अशी की जंताला हात लावायच्या आधी जठरात काय आहे ते बघायचं. त्यासाठी दोन वह्या होत्या. निळ्या पुठ्ठ्याची अन्नाची, लाल पुठ्ठ्याची जंतांची. लिहायचो मीच. पहिली काही वर्षं मला ती दोन वेगळी कामं वाटायची. मग एका पावसाळ्यात लाल वही भरताना लक्षात आलं की निळ्या वहीतली ओळ वाचली की लाल वहीत काय लिहावं लागणार ते मला आधीच कळायला लागलं आहे.

विरोळा या पाणसापाचं उदाहरण घ्या. तो बेडूक खातो. त्याची कातडी सोलली की खाली पांढऱ्या रिबिनीसारखे तुकडे गुंडाळलेले दिसायचे. हे एका पट्टकृमीचं पिल्लू. पाण्यातल्या बारीक जीवातून बेडकात, बेडकातून सापात, आणि मोठं व्हायचं ते मांजर-कुत्र्याच्या आतड्यात. साप त्याचं घर नव्हे, धर्मशाळा. घरातली पाल झुरळं खाते, तर तिच्या फुफ्फुसात आळीसारखे गोल वळे असलेले पेंटास्टोम मिळायचे, रक्त पिऊन राहणारे. दिसायला जंत, पण मुळात ते खेकडा-कोळंबीच्या गोतातले. त्यांचं नाव रायलिएटिएला, आणि कोंबडीच्या एका पट्टकृमीचं नाव रायलिएटिना. रायलिए नावाच्या एकाच फ्रेंच पशुवैद्याच्या नावावरून दोन्ही नावं पडली. एकदा मी दोन्हींच्या बाटल्यांची लेबलं उलटी लावली होती. सर रागावले नाहीत, पण दोन्ही जीव सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवून मला तासभर बघायला बसवलं. तो तास मी अजून विसरलो नाही.

आता तुमचा वाळा. वाघोडियाच्या भाऊंना आदराने सांगतो, तो गांडुळं खात नाही. गांडुळं खाते ती सह्याद्रीतली खापरखवली, तोही एक सापच. तीही जमिनीखालीच राहते, म्हणून ही गल्लत होते. वाळ्याचं अन्न म्हणजे मुंग्यांची अंडी, अळ्या आणि कोष, आणि वाळवी, आपल्याकडच्या भाषेत उधई. मुंग्या रांगेने तोंडात पांढरे दाणे धरून पळताना दिसतात ना, आपण त्यांना अंडी म्हणतो, ते बहुतेक वेळा कोष असतात. मुंग्यांच्या वाटेचा वास जिभेने घेत वाळा वारुळात शिरतो. त्याला दात फक्त वरच्या जबड्यात, आणि ते जबडे डावा-उजवा असे आलटूनपालटून आत ओढतात, सेकंदाला ३ ते ५ वेळा. दाताळ्याने गवत ओढावं तसे ते दाणे घशात जातात. एवढी घाई कशासाठी? वारुळात जास्त वेळ काढला तर मुंग्या तोडतील. मोठा साप महिन्यातून दोन-तीनदा जेवला तरी चालतं, याला मात्र दाणा-दाणा टिपून पोट भरावं लागतं.

वाळवीचं आणखी एक आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली याच जातीचा वाळा बघितला. तो वाळवी तोंडात धरतो, तिचं डोकं जमिनीवर घासून तोडतो आणि धड तेवढं गिळतो. डोकं कडक असतं, पचत नाही, गिळलं तर तसंच बाहेर पडतं. सगळ्या वेळी तोडतो असं नाही, पण तोडतो. हे मी निवृत्त झाल्यावर वाचलं आणि उठून निळी वही काढली. एका वाळ्यापुढे माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, ‘आतड्याच्या शेवटी तपकिरी डोकी, अख्खी, न पचलेली.’ डोळ्यांसमोर होतं आणि प्रश्न विचारायचं सुचलं नाही.

मग जंत? लाल वहीत वाळ्याच्या पानावर माझ्या हातच्या एकाही नमुन्यात जंत लिहिलेला नाही. मूठभर नमुन्यांवरून नियम होत नाही, म्हणून कारण सांगतो. जे जंत किड्यांच्या अंगात बसून सापा-सरड्यांत जातात त्यांना विष्ठा, घाण, कुजकं खाणारा किडा लागतो. झुरळ, भुंगेरे, रातकिडे. जंताचं अंडं आधी किड्याच्या पोटात गेलं पाहिजे. वाळा मुख्यतः खातो ते वारुळाच्या आतलं बाळंतघर. अंडं काही खात नाही, कोष काही खात नाही, अळीला मुंग्या भरवतात. त्यामुळे जंताला वाळ्यात चढायला वाट फार अरुंद.

सगळे जंत अन्नातूनच येतात असंही नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. सापांच्या आतड्यात कॅलिसेफॅलस नावाचा आकडेकृमीचा भाऊबंद असतो, फुफ्फुसात ऱ्हॅब्डिअस असतो. त्यांची पिल्लं विष्ठेतून मातीत येतात, ओलाव्यात जगतात आणि थेट पुढच्या जनावरात शिरतात. बिळात ऊन नाही, माती दमट, म्हणजे त्यांना सोयीचंच. पण हे कृमी सापांचे. माणसाच्या आतड्यात ते संसार करत नाहीत. प्रत्येक जंताला आपलं ठरलेलं घर लागतं, दुसऱ्याच्या घरात त्याची चूल पेटत नाही. माणसाला सापाकडून जंत झाल्याची उदाहरणं आहेत, पण ती बहुतेक साप कच्चा किंवा अर्धवट शिजवून खाणाऱ्यांची, किंवा साप सोलताना हात-तोंडाची काळजी न घेणाऱ्यांची. मोगऱ्याची कुंडी पालटणाऱ्या बाईची नव्हेत.

तुमच्या नातीचे जंत कुठले ते इथल्या डॉक्टरांनी सांगावं. मी एक विचारतो, अगाशीत मांजरं येतात का? येत असतील तर मातीतली खरी काळजी तिथे आहे.

वाळ्याबद्दल एक राहिलंच. १८०३ साली दोदां नावाच्या फ्रेंच माणसाने याला शास्त्रीय नाव दिलं तेव्हा मांडुळाच्याच वंशात टाकलं होतं, एरिक्स ब्रामिनस. दोघंही जमिनीखालचे, दोघांचीही शेपटी बोथट. आत काय आहे ते उघडून बघितलं असतं तर एकाच्या पोटात उंदीर आणि एकाच्या पोटात मुंग्यांचे कोष निघाले असते.

आमची प्रयोगशाळा दुसऱ्या इमारतीत हलवली तेव्हा जंतांच्या बाटल्या ‘वास येतो’ म्हणून टाकून दिल्या. मी तेव्हा रजेवर होतो. परत आलो तर कपाट रिकामं. गरम अल्कोहोलमध्ये टाकल्यावर सूतकृमी कसा सरळ होतो, दोन काचांत दाबून पट्टकृमी कसा कार्मिनने रंगवायचा, हे सगळं त्या बाटल्यांत होतं. वह्या घरी होत्या म्हणून वाचल्या. म्हणून कुणी असा प्रश्न विचारला की मी लांबलचक लिहितो. वाचलंत, उपकार झाले.

बालरोग_निवृत्त

मुलीचं वर्णन माणसाच्या सूतकृमीचं, म्हणजे पिनवर्मचं आहे. रात्री खाज, कारण मादी रात्री गुदद्वाराशी येऊन अंडी घालते. हा कृमी फक्त माणसात राहतो. सापात नाही, मातीत वाढत नाही. अंडी नखांतून, चादरीवरून, चड्डीवरून पसरतात आणि शाळेतून घरात येतात. गोळीचा दुसरा डोस दोन आठवड्यांनी द्यायचा असतो, कारण गोळी अंड्यांना मारत नाही. तो विसरला जातो आणि मग लोक माती-पाण्याला दोष देतात. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी घ्या, डॉक्टरांना विचारून. नखं कापा, सकाळी अंघोळ, चादरी गरम पाण्यात. १० फेब्रुवारीला शाळेत जंतांची गोळी देतात, ती चुकवू नका.

सापाला किंवा पालीला हात लागला तर साबणाने हात धुवा, त्यांच्या विष्ठेत साल्मोनेला नावाचा रोगजंतू असू शकतो. मांजराबद्दल वर विचारलं आहे ते अगदी बरोबर. मांजराच्या विष्ठेतल्या गोलकृमीची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात आणि मुलांच्या पोटात गेली तर त्रास देतात.

पादऱ्याचा_शेतकरी

राम राम. आमच्याकडे गोराडू जमीन, भुसभुशीत, त्यामुळे मांडूळ भरपूर. गुजरातीत आंधळी चाकळण म्हणतात. गेल्या फेब्रुवारीत बटाटा काढताना ट्रॅक्टरच्या फाळाशी एक आलं, हातभर लांब. थोडं खरचटलं होतं म्हणून वनखात्याच्या माणसाला बोलावून दिलं. येईपर्यंत गोणपाटावर ठेवलं होतं तेवढ्यात त्याने विष्ठा टाकली. त्यात उंदराचे केस आणि एक दात. ज्याच्या पोटात माझ्या शेतातले उंदीर जातात त्याला लोक गुप्तधनासाठी वजनावर विकतात, याचा मला फार त्रास होतो.

काचपट्टीकाकांना विचारायचं आहे. घोरपडीच्या काखेत आणि धामणीच्या खवल्यांत मी गोचिडी बघितल्या आहेत, फुगलेल्या. या मांडुळावर एकही नव्हती. असं का?

काचपट्टी

चांगलं बघितलंत. घोरपड, धामण, नाग यांच्यावर सापडते ती अँब्लिओमा गेर्व्हैसी जातीची गोचीड. तिला खवल्याची कड उचलून आत तोंड रोवायला फट लागते. लाल मांडुळाचे खवले बारीक, गुळगुळीत, अंगाला घट्ट चिकटलेले. शिवाय ते दिवसभर मातीतून अंग घासत जातं. माझ्या मते तेवढ्याने बऱ्याच गोचिडी सुटून जात असाव्यात. मांडुळाच्याच गोतातल्या डुरक्या घोणशीचे खवले खरखरीत, उंच रेघेचे. तुमच्या शेतात ती दिसली तर हात न लावता शेपटीकडची बाजू बघा आणि मला कळवा.

उंदीर खाणाऱ्या सापाची लाल वही वेगळीच असते. अजगर आणि उंदीर यांच्यात सार्कोसिस्टिस नावाचा एक सूक्ष्म जीव फिरतो. उंदराच्या स्नायूत त्याच्या गाठी बसतात, अजगराने तो उंदीर खाल्ला की आतड्यात तो पिकतो, विष्ठेतून बाहेर पडतो आणि पुन्हा उंदराच्या खाण्यात जातो. दोघांपैकी एक नाहीसा झाला तर चाक थांबलं. मांडुळाला पोत्यात घालून शहरात विकणारा माणूस त्याच्याबरोबर हे सगळंच उचलून नेतो.

भुजला_बदली

मूळची बाबाजीपुऱ्यातली, सध्या कच्छात. इकडे सांडा नावाचा सरडा बघते मी. स्वतःचं बीळ खणतो आणि रात्री आतून मातीने तोंड बुजवून घेतो. मोठा झाल्यावर जवळजवळ पूर्ण शाकाहारी, फुलं, पानं, शेंगा. बिळाशी त्याच्या विष्ठेच्या सुक्या गोळ्या पडलेल्या असतात, त्यात नुसता चोथा. काका, गवत खाणाऱ्याला तरी जंत नसतील ना?

काचपट्टी

असतात, आणि शेकड्यांनी. पण ते किड्यामार्फत येणारे नव्हेत, मोठ्या आतड्यात चोथ्यात राहणारे बारीक सूतकृमी. यांना मधला वाहक लागत नाही, अंडी विष्ठेतून पडतात आणि पाल्याबरोबर पुन्हा पोटात जातात. शाकाहारी सरडे आणि कासवं यांच्यात हे नेहमीचं, आणि निरोगी जनावराला त्याचा बहुधा त्रास नसतो. तुम्ही त्या गोळ्यांच्या तारखा लिहून ठेवता का? कुठल्या महिन्यात फुलं, कुठल्या महिन्यात शेंगा, एवढंच लिहिलं तरी निळी वही सुरू झाली.

अगाशीतली_बाग

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. माळी आला होता, त्याच्याकडून फक्त अगाशीच्या कोपऱ्यात जाळी ठोकून घेतली. मांजरं येतात, काका. लिंबाच्या मोठ्या कुंडीत रोज उकरलेलं असायचं आणि मी ते खारीचं समजत होते. ती वरची माती हातमोजे घालून काढली, पिशवीत बांधून टाकली. सूनबाईंनी डॉक्टरांचा निरोप वाचला. दुसरा डोस आम्ही खरंच दिला नव्हता. आता तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहिली आहे, पाचही जणांची.

काल संध्याकाळी मोगऱ्याचा गड्डा परातीत मोकळा केला. सूनबाई, नात आणि मी, हातात भिंग आणि टॉर्च. गड्ड्याच्या एका अंगाला मुंग्यांचं घर होतं, आत तांबूस-पांढरे कोष. वाळा तिथेच होता. त्याने तोंड खुपसलं आणि मान इतकी भराभर थरथरली की नात म्हणाली, आजी, हा शिवणयंत्रासारखा खातोय. सूनबाई टॉर्च धरून होती. तिचा हात आधी कापत होता, मग तिनेच वाकून भिंग मागितलं.

मातीत आणखी काहीतरी मिळालं. तांदळाच्या दाण्यासारखी, थोडी लांबट, पांढरी तीन अंडी, एकमेकांना चिकटलेली. मुंग्यांच्या कोषांपेक्षा बरीच मोठी. वाळ्याचीच का? कुंडी पालटायची तर राहिलीच आहे. काय करू?

काचपट्टी

ताई, आकारावरून वाळ्याचीच. ही जात २ ते ६ अंडी घालते. यांच्यात सगळ्या माद्याच, आजवर नर कुणालाच सापडलेला नाही, त्यामुळे निघतील त्या तिन्ही आईची हुबेहूब नक्कल.

मोगरा नव्या कुंडीत लावा, पण अंडी जुन्याच मातीसकट वेगळ्या मडक्यात ठेवा. आता जी बाजू वर आहे तीच वर राहू द्या. सापाचं अंडं फिरवलं तर आतला जीव दगावू शकतो, कोंबडीसारखं ते उलटंपालटं करायचं नसतं. माती ओलसर हवी, चिखल नको. वर वाळलेली पानं, मडकं सावलीत. अंड्यांच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्या म्हणजे चुकून हललं तर कळेल. ठिपका नातीला देऊ दे, तिचा हात हलका असेल. नंतर साबण.